लिंबाच्या पारापर्यंत पायी

किस्से कुसळांसारखे असतात. गवतातून चालताना ती कोणी वेचायला जात नाही. घरी येऊन पायजम्याची कड झटकावी, तेव्हा कळते की अर्धे माळरान आपण सोबत आणले आहे. अट एकच, माणसाने पायी चालले पाहिजे. मोटारसायकलवरून जाणाऱ्याच्या अंगाला धूळ चिकटते, किस्सा चिकटत नाही. आमच्या रविवारच्या मंडळींना मात्र इतकी कुसळे चिकटली आहेत, की चारचौघांत बसलो की एकेक टोचू लागते आणि उपटून बाहेर काढल्यावाचून चैन पडत नाही!

गाव बीड जिल्ह्यातले, तालुक्याचे. नाव सांगत नाही. सांगितले तर गावकरी म्हणतील बदनामी केली. न सांगितले तर जिल्ह्यातले प्रत्येक गाव म्हणेल, हे आमचेच. यांतले दुसरे मला परवडते.

माझ्या एका सहकाऱ्याची मुलगी, सायली, पुण्याला नगररचना शिकून गावी परतली. मी महाविद्यालयात जन्मभर संस्कृत शिकवले, म्हणून ती आशीर्वादासाठी आणि एका विधानासह माझ्याकडे आली.

"सर, गाव हे चालणाऱ्यासाठी असतं."

"विधान निर्दोष आहे," मी म्हणालो. "चालणारा तेवढा शोधावा लागेल."

तिच्या धडपडीला कारण होते. वेशीपासून नदीकडे जुना रस्ता उतरतो. त्याच्या शेवटी एक भला थोरला लिंब आहे आणि लिंबाभोवती दगडी पार. पारासमोर आबांचे नवे व्यापारी संकुल उभे राहिले. आबा म्हणजे आमचे पुढारी. त्यांच्याकडे पद कुठलेही नाही. पदावर कोण बसणार, हे मात्र त्यांच्या दिवाणखान्यात ठरते. संकुलात येणाऱ्यांच्या मोटारी उभ्या करायला जागा हवी, म्हणून पार काढायचा आणि बुंध्यापर्यंत सिमेंटचे ठोकळे बसवायचे, असे त्या दिवाणखान्यात ठरले. एका सकाळी पाराच्या दगडावर कोणी तांबड्या रंगाची फुली मारून गेले.

"पार गेला की लिंबही जाईल," सायली म्हणाली. "आणि ते म्हणतात, त्या रस्त्यानं पायी जातंच कोण? जाणारे दिसले पाहिजेत, सर."

म्हणून दर रविवारी वेशीपासून पारापर्यंत पायी फेरी निघू लागली. वाटेत सायलीने थांबून थांबून सावली, पदपथ, बसण्याच्या जागा यांविषयी बोलायचे, गावाच्या जुन्या खुणा मी सांगायच्या, आणि बाकीच्यांनी ऐकायचे. योजना इतकी सरळ होती, की ती आमच्या गावात तशी राहणे शक्यच नव्हते.

* * *

पहिल्या फेरीला मंडळी वेळेवर जमली. सगळी मोटारसायकलींवर!

"अहो, फेरी पायी आहे," सायली म्हणाली.

"फेरी पायी हाय. फेरीला यायचं कसं, ते कुठं लिहिलंय?" देशमुख वकील म्हणाले. युक्तिवाद बिनतोड होता.

"बरं, मग गाडी लावून या."

"कुठं लावू?"

सगळ्यांनी आजूबाजूला पाहिले. वेशीपाशी जागा म्हणून नव्हती. सायलीचा चेहरा एकदम उजळला. "बघा! हाच तर आजचा विषय आहे!"

"विषय तुमचा हाय मॅडम, गाडी माझी हाय," वकील म्हणाले, आणि त्यांनी मध्यम मार्ग स्वीकारला. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून, दोन्ही पाय जमिनीला घासत, ते फेरीच्या मागोमाग येऊ लागले.

सायली पुढे, आमच्याकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत, तळमळीने सांगत होती: रस्त्यावर पहिला हक्क पायी चालणाऱ्याचा, मग सायकलीचा, आणि सर्वांत शेवटी मोटारीचा. वकिलांइतक्या मनापासून कोणीच मान डोलावत नव्हते. कासारगल्लीच्या वळणावर रस्ता अरुंद होतो. तिथे नेमकी ती एका मुद्द्यावर थबकली. "पायी चालणाऱ्याला बाजूला सारणारं गाव हे गावच नव्हे!"

वकिलांनी हॉर्न वाजवला.

"मॅडम, जरा बाजूला होऊन बोला ना. रस्ता हाय!"

* * *

चालणाऱ्या माणसाशी वागण्याची आमच्याकडे एक जुनी आणि सभ्य रीत आहे. त्याच्यावर दया करायची. ओळखीचा माणूस पायी दिसला आणि आपण वाहनावर असून थांबलो नाही, तर तो आपला उद्दामपणा. थांबलेल्याला त्याने नकार दिला, तर तो त्याचा. या दुहेरी सभ्यतेपुढे नगररचनाशास्त्राचा निभाव लागेना.

दुसऱ्या रविवारी निघताना बरी मंडळी होती. वेस ओलांडता ओलांडता एकाला मेहुण्याने उचलले. पुढे दोघांना दूधवाल्याने कॅनच्या मध्ये बसवून नेले. एकाने प्रतिकार करून पाहिला.

"नको, नको. आम्ही मुद्दाम चालतोय."

"मुद्दाम? कावून बे? घरी भांडण झालं का?"

तो मुकाट्याने बसला. सायली सावलीचे महत्त्व सांगत चालली होती. दर वेळी मागे वळून पाही, तेव्हा श्रोते थोडे आणखी विरळ झालेले असत.

मग माझी पाळी आली. ज्ञानोबा नावाचा माझा जुना विद्यार्थी जीप घेऊन शेजारी येऊन थांबला.

"बसा सर."

"अरे, मी चालतो आहे."

"ते दिसायलंय की मला. म्हणूनच थांबलो."

"मला चालायचेच आहे, ज्ञानोबा."

त्याचा चेहरा पडला. "संस्कृतात नापास झालतो म्हणून का, सर?"

या प्रश्नाला चालत्या रस्त्यावर उत्तर देता येत नाही. मी बसलो. कुठे सोडू, असे त्याने विचारले नाही, आणि कुठे निघालास, असे मी विचारले नाही. गुरुशिष्यांचा परस्परांवरचा विश्वास असा आंधळा असतो. तो धारूरला निघाला होता! डोंगरउतारावरच्या त्याच्या मळ्यात मी पिठले-भाकरी खाल्ली, दुपारी त्याच्याबरोबर किल्ला पाहिला, आणि दिवस मावळता सीताफळांच्या टोपलीसह घरी परतलो.

दारात सायली उभी होती, काळजीने काळवंडलेली. "सर! होतात कुठे तुम्ही?"

ज्ञानोबाने टोपली उतरवली आणि तिच्याकडे खऱ्या रागाने पाहिले.

"मॅडम, पार धारूरपतूर सरांना पायी न्यायला निघालतात व्हय तुमी? या वयात?"

* * *

यावर सायलीने उपाय काढला. प्रत्येकाच्या गळ्यात पुठ्ठ्याची पाटी: 'मी स्वेच्छेने चालत आहे. कृपया थांबू नये.' 'स्वेच्छेने' हा शब्द माझा होता. 'कृपया' वकिलांनी घालायला लावले, नाहीतर लोक दुखावतील म्हणून.

उपाय लागू पडला. जीपा मंदावत, पाटी वाचत आणि निघून जात. पण गळ्यात पाट्या घालून रांगेने चालणारी माणसे दिसली, की आमच्या जिल्ह्यात त्याचा एकच अर्थ होतो. चौकात हवालदाराने काठी आडवी धरली.

"परवानगी हाय का?"

"कशाची?" सायलीने विचारले.

"मोर्चाची."

"मोर्चा नाही हो हा. आम्ही नुसते चालतोय."

"एकट्यानं चाललं की चालणं, मॅडम. मिळून चाललं की मोर्चा."

सायलीने आशेने वकिलांकडे पाहिले. वकिलांना व्याख्या पसंत पडली होती. ते हवालदाराच्या बाजूने मान डोलावत होते.

"मागण्या काय हायेत?" हवालदार आता सहानुभूतीने विचारू लागला.

"रस्त्याला सावली हवी. बसायला जागा हवी. आणि पार वाचला पाहिजे."

"अन् घोषणा?"

"घोषणा नाहीत."

"घोषणा न्हाईत, मग लोकायला कळावं कसं?"

लोकांना कळले होते. मागच्या गल्लीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन आमच्यात येऊन मिसळल्या. त्यांच्यापाशी घोषणांची वाण नव्हती. पाराकडे वळायच्या ऐवजी फेरी त्या आवाजाच्या लोंढ्याबरोबर थेट पालिकेच्या दारात गेली. रविवार असल्याने तिथे फक्त पहारेकरी होता. बायकांनी त्यालाच घेराव घातला. घेरावाच्या अग्रभागी, गळ्यात 'मी स्वेच्छेने चालत आहे' ही पाटी अडकवून, मी उभा होतो.

पारावरची फुली होती तशीच राहिली. पण पुढच्या आठवड्यात मागच्या गल्लीला पाणी वेळेवर आले, आणि तिथल्या बायकांनी सायलीला निरोप धाडला.

"मॅडम, येत्या रविवारी विजेसाठी चाला!"

* * *

मोठ्या रस्त्याच्या कडेला आमच्या गावाला पदपथ आहे. त्याच्यावर विजेचे रोहित्र आहे, कोणाची तरी वाळू आहे, आणि एका सोफे दुरुस्त करणाऱ्याचे सोफे उन्हाला मांडलेले असतात. एका रविवारी सायलीने नियम घातला: आज काहीही झाले तरी पदपथ सोडून खाली उतरायचे नाही. अडचण स्वतःच्या पायांनी कळली पाहिजे.

रोहित्राला आम्ही वळसा घातला. वाळू तुडवली. पुढे सोफा आला. पदपथ सोडायचा नाही आणि सोफा पदपथावर, तेव्हा त्याच्यावरून चढून जाणे किंवा त्याच्यावर बसणे, एवढेच मार्ग उरले. सोफेवाला अगत्यशील माणूस होता.

"या ना, बसा! उभे कावून?"

आम्ही बसलो. त्या दिवशी देशमुख वकिलांच्या मंडळीही फेरीला आल्या होत्या. त्या बसल्या, दोनदा उसळल्या आणि म्हणाल्या, "हा कुणाचा हो?"

"गिऱ्हाइकानं टाकला तो टाकलाच. न्यायला आलंच न्हाई कुणी."

पदपथावरच सौदा झाला. वकिलांचे घर रस्त्याच्या पलीकडे. टेम्पो कोणाला सांगायचा? आम्हीच सोफा उचलला.

हा रस्ता मी रोज पाहतो. उसाच्या ट्रॉल्या, मालमोटारी, माणसांनी लोंबकळलेल्या जीपा. पलीकडे जायला म्हणून उभे राहावे आणि दाढी वाढवून परत फिरावे, अशी तिथली ख्याती. पण सोफ्याचा पहिला पाय रस्त्यावर आला मात्र, दोन्हीकडची वाहतूक जागच्या जागी थांबली! मालमोटारीचा चालक खिडकीतून अर्धा बाहेर आला.

"हळू, हळू! कोपरा घासंल! डावीकून घ्या, डावीकून!"

एक जीप मागे सरली. एक मोटारसायकलवाला उतरून हात द्यायला धावला. ज्या रस्त्याने माणसाला कधी वाट दिली नव्हती, त्याच्यावरून तो सोफा एखाद्या संस्थानिकासारखा पलीकडे गेला. आम्ही तो उतरवला आणि मागे पाहिले. सोफ्याला हात न लावल्यामुळे सायली एकटीच अलीकडे राहिली होती, आणि वाहतूक पुन्हा सुरू झाली होती. ती हात हलवून काहीतरी ओरडत होती.

"काय म्हणायल्यात मॅडम?" वकिलांनी कानामागे हात धरला.

मी नीट ऐकले. "सोफा परत आणा म्हणते आहे."

* * *

पारावर दिवसभर म्हातारी मंडळी बसतात. त्यांत सर्वांत जुने गणपततात्या. गाव जागे होण्याआधी येतात आणि दिवे लागल्यावर उठतात. पाराशेजारी रफीकभाईंचा फळांचा गाडा असतो. तो जागचा हलतो तो दोनच कारणांनी: लिंबाची सावली फिरते तेव्हा तिच्यामागे, आणि मयत येते तेव्हा बाजूला. कारण हा रस्ता पुढे नदीकडे जातो, नदीपलीकडे स्मशान आहे, आणि पार हा वाटेतला विसावा. चार खांद्यांवरून आलेली तिरडी घटकाभर इथे टेकवायची, खांदे बदलायचे आणि मग पुढे न्यायची, अशी गावाची रीत. मोटारीही स्मशानापर्यंत जाऊ लागल्या, पण विसावा कोणी चुकवत नाही.

सायलीने तात्यांना फेरीत ओढायचा चंग बांधला होता. "तात्या, तुम्ही पण आमच्याबरोबर चला ना. तब्येतीलाही चांगलं असतं."

"चालून जायचं कुठं?" तात्यांनी विचारले.

"पारापर्यंत."

तात्यांनी तिच्याकडे, मग आपल्या खालच्या दगडाकडे पाहिले.

"आमी कावून चालावं, पोरी? आमी पोचलोत!"

रफीकभाई गाड्यामागून हसले. "मॅडम, ह्यांचं सोडा. ह्ये लोक आता खांद्यावरच उठणार. अन् उठले तरी पहिला मुक्काम हितंच!"

"आन् पार काढला तर?" तात्या म्हणाले. ते हसत नव्हते. "तर मग टेकवतील कुठं मला? त्या आबाच्या मोटारीवर?"



* * *

पुढच्या आठवड्यात सायलीने आबांकडे जाऊन गावासाठी बाकांची मागणी केली. आबा उदार. बाक आले, पाराच्या अगदी समोर मांडले गेले, आणि त्यांच्यावर आबांचे नाव आले. पाठीवर मोठ्या अक्षरांत, बैठकीवर त्याहून मोठ्या.

रविवारी आम्ही पाहतो तो बाक रिकामे, आणि लोक बाकांच्या पुढ्यात जमिनीवर बसलेले!

"अहो, वर बसा की," सायली एका शेतकऱ्याला म्हणाली.

त्याने जीभ चावली. "आबाच्या नावावर बूड टेकवू व्हय?"

"मग नुसती पाठ टेका."

"आबाला पाठ दावायची? मॅडम, आमाला याच गावात ऱ्हायचंय."

एक जण मात्र धीट निघाला. तो बाकावर बसला. पण उलटा, नावाकडे तोंड करून, दोन्ही पाय मागच्या बाजूला सोडून, हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून. एखाद्या अनुष्ठानाला बसावे तसा.

समोर बिननावाच्या पारावर मात्र बोट शिरायला जागा नव्हती. एकमेकांच्या पाठीला पाठ लावून माणसे बसली होती, रफीकभाईंचे पेरू खात होती आणि बिया फुंकत होती.

हे आबांच्या कानावर गेले. त्यांनी सायलीला बोलावणे धाडले. मीही सोबत गेलो.

"माझ्या बाकड्यावर कुणी बसंना, आन् त्या दगडावर जागा न्हाई!" आबा खरोखरच दुखावले होते. "काय हाय त्या पारात?"

"तुम्ही एकदा चालून या ना, आबा," सायली म्हणाली. "वेशीपासून पारापर्यंत. मग कळेल."

आबांनी टोपी सारखी केली. "बरं. येतो मी, पायी. मागंपुढं माणसं चालताना दिसली, तर पार ऱ्हाईल. न्हाई दिसली, तर दुसऱ्या दिवशी जेसीबी. तुमची ती ठरलेली टाळकी धरायची न्हाईत. आन् सांगावा धाडून गोळा केलेली बी चालणार न्हाईत. मला लगीच कळतं. जलमभर तेच केलंय मी!"

* * *

तो रविवार उजाडला. सायलीने शब्द पाळला होता. कोणालाही बोलावले नव्हते. वेशीपाशी आम्ही नेहमीचे तेवढे होतो, आणि पाट्या घरी ठेवल्या होत्या.

आबांची गाडी आली. पांढरा सदरा, पांढरे धोतर, पांढरी टोपी. तो त्यांचा रोजचा वेश. नवे होते ते बूट. पुतण्याने खास चालण्यासाठी म्हणून आणून दिलेले, आणि पहिल्याच पावलाला ते चावले, हे आबांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना कळले. सायलीने बोलायला तोंड उघडले.

"बोलू नको," आबांनी हात वर केला. "मला बघू दे."

मग कोणीच बोलेना. पुढे आबा, मान खाली, ओठ घट्ट मिटलेले, एकेक पाऊल जड टाकत. मागे आम्ही, त्यांच्याहून हळू, कारण पुढाऱ्याच्या पुढे जायचे नसते. रस्त्यावर माणूस नव्हता. आबांनी एकदा थांबून पुढे पाहिले, मागे पाहिले. एक कुत्रे तेवढे दिसले, आणि तेही बसलेले.

सायलीचा चेहरा मला पाहवेना.

कासारगल्लीच्या वळणावर शिंप्याचे दुकान आहे. शिंप्याने मान वर केली, आबांना पाहिले, आणि यंत्र थांबवले. तो उठला, चपला पायांत सरकवल्या, शटर अर्धे खाली ओढले आणि हात पुढे बांधून आमच्या मागे चालू लागला.

मला प्रथम काही उमगेना. मग आठवले. आबा गावात पायी दिसत ते दोनच प्रसंगी, मतांच्या वेळी आणि मयताच्या वेळी. मतांचे दिवस नव्हते.

शिंप्यापाठोपाठ किराणावाला आला. मग सोफेवाला. मोटारसायकलवाले आबांना पाहून थबकत, उतरत आणि गाडी हाताने ढकलत मागे चालू लागत. कोणीही कोणाला 'बसा' म्हटले नाही. ज्ञानोबाची जीप समोरून आली. त्याने ती कडेला लावली, खाली उतरला, "सर..." एवढेच म्हणाला आणि माझा दंड धरून चालू लागला.

कोण गेले, हे असे रस्त्यात विचारण्याची आपल्याकडे रीत नाही. सामील व्हायचे, पुढे कळतेच. तिरडी पुढे गेली असेल, असे मागच्यांना वाटत होते. मागून येत असेल, असे पुढच्यांना. माझ्या पाठीमागे कुजबुज चालली होती.

"जोशीबुवा गेले म्हणं."

"कोणते बे? ते काय मागून चालायलेत."

"मंग त्यांनाच इचार की, कोण गेलं ते."

सायलीने माझी बाही ओढली. "सर, हे सगळे..."

"मागे पाहू नकोस," मी म्हणालो. "चालत राहा."

लांबून आम्ही येताना पाहून रफीकभाईंनी गाडा बाजूला घेतला, डोक्याला टोपी घातली आणि तेही येऊन मिळाले. पारापाशी आलो आणि ती सगळी माणसे, कोणी काही न सांगता, आपोआप थांबली. पुढचे चौघे जण टेकवायला काय आहे ते शोधत इकडेतिकडे पाहू लागले. वकिलांनी डोळे टिपले. त्यांनाही आता खरे वाटू लागले होते!

गणपततात्या नेहमीप्रमाणे पारावर होते. मयतासाठी जागा करून द्यायला ते काठीवर भार देऊन उठू लागले. विचारण्याइतके वय गावात त्यांचेच होते.

"आबा, कोण गेलं?"

सगळा रस्ता कान देऊन उभा राहिला. आबांनी मागे वळून पाहिले. थेट कासारगल्लीच्या वळणापर्यंत माणसेच माणसे होती, सगळी पायी. मग त्यांनी तात्यांकडे पाहिले, आणि तात्यांच्या पायांखालच्या दगडावरच्या तांबड्या फुलीकडे.

"अजून कुणी न्हाई, तात्या," आबा म्हणाले. त्यांनी वाकून एक बूट काढला, मग दुसरा, आणि दोन्ही हातात धरून पाराला टेकले.

"सरका जरा."